उंबरा की उंबरठा?

एकदा एका नदीच्या खोऱ्यात दोन समाज राहत होते, आणि त्यांची भाषा एक होती. अचूक सांगायचे तर जवळजवळ एक. दाराच्या चौकटीच्या तळाशी जे आडवे लाकूड असते, त्याला वरच्या खोऱ्यातले लोक 'उंबरा' म्हणत आणि खालच्या खोऱ्यातले 'उंबरठा'. शब्दकोशात हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. त्या खोऱ्यातही ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच नांदले. सोयरिकी होत. "वरची सून आणली, पण ठ माहेरीच ठेवून आली," असे सासवा म्हणत आणि सगळे हसत.

मग एक वर्ष असे आले, की थट्टेचा विषय पुराव्याचा झाला. खालच्या खोऱ्यातले सशस्त्र जथे वरच्या गावांत शिरले. चेहऱ्यांवरून कोण कुठला हे ओळखता येत नव्हते. म्हणून जथ्यातला एक जण दारात उभा राही, त्या लाकडावर काठी टेकवी आणि विचारी, "याला काय म्हणतात?" पुढचे सारे उत्तरावर ठरे. पावसाळा संपायच्या आत वरचे खोरे निर्मनुष्य झाले.

तिथल्या एका गावातली अकरा वर्षांची एक मुलगी वाचली. बारा वर्षांनंतर ती एका वृद्ध वैयाकरणाच्या पाठशाळेत शिकत होती आणि लहान मुलांना शिकवतही होती. गुरुजी खालच्या खोऱ्यातले होते. हे त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि तरीही ती राहिली होती.

पाठशाळेत सायंकाळी ज्याने त्याने आपापल्या घरची प्रार्थना म्हणावी, असा रिवाज होता. तिच्या लोकांची प्रार्थना एका ओळीची होती: 'उंबऱ्याआतल्यांना राख, उंबऱ्यापार गेलेल्यांना राख.' ती मात्र ओठ मिटून बसे. देवावर विश्वास उरला नाही, असे ती सांगे. गुरुजी वाद घालत नसत. विश्वास उरला नव्हता हे खरेच होते. पण त्याही आधी एक अडचण होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या ओळीतला पहिलाच शब्द तिच्या तोंडून निघत नसे.

एका सकाळी पाठशाळेच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. केस पिकलेले, हात जोडलेले. तुरुंगातून सुटून त्याला महिना झाला होता; वरच्या गावातली वाचलेली एक मुलगी इथे शिकवते, आणि ती कोणाची, हे त्याने शोधून काढले होते.

"बाई," तो तिला म्हणाला, "त्या साली जे झालं ते फार वाईट झालं. चूक झाली. माफी असावी."

चेहरा तिला आठवत नव्हता. आवाज मात्र तिने तत्क्षणी ओळखला. तिच्या घराच्या दारात प्रश्न विचारणारा आवाज हाच होता.

माणसाने जमिनीवर डोके टेकले. पाठशाळेचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी हात पुसत आल्या होत्या; त्यांचे डोळे भरून आले. "अगं, पाया पडतोय बिचारा! सोड ना आता. क्षमा केली की आपलंच मन हलकं होतं."

"मावशी, तुमच्या घरातलं कोण गेलं होतं?"

"आमच्या? कुणी नाही, देवाची कृपा."

"म्हणूनच हलकं आहे."

तेवढ्यात गुरुजी पुढे आले. "वाक्य शुद्ध आहे," ते त्या माणसाला म्हणाले, "पण त्यात कर्ता नाही. झालं म्हणतोस. केलं कोणी?" "चूक झाली," माणूस पुन्हा म्हणाला. तेव्हा गुरुजींनी जे केले, ते पाहून शिष्या दारापासून मागे सरली. त्यांनी आपली काठी दारातल्या त्या लाकडावर टेकवली आणि शांतपणे विचारले, "याला काय म्हणतात?"

माणूस चपापला. मग घाईघाईने, जणू भेटवस्तू पुढे करावी तसा, म्हणाला, "उंबरा."

"उद्या ये," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काठी तिथेच, प्रश्न तोच. माणसाने बराच विचार केला. "उंबरठा."

"उद्या ये."

त्या दुपारी शिष्या गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. बैस म्हटल्यावरही बसली नाही.

"ज्या प्रश्नानं माझं गाव संपवलं, तो तुमच्या तोंडी? आणि तो हे म्हणाला तरी परत, ते म्हणाला तरी परत. मग बरोबर उत्तर आहे तरी कोणतं?"

"तुलाही विचारला होता ना? तूच सांग."

मग बारा वर्षे न बोललेले ती बोलली. तिची आई खालच्या बाजारात मध विकायची. ठ तिला कुणाहीपेक्षा चांगला येत होता. लेकीकडून तिनेच तो घोटून घेतला होता. पण बाजारात सगळे तिला 'वरची मधवाली' म्हणूनच ओळखत; तिचे खोटे टिकले नसते. "तिला विचारलं, तेव्हा ती आपला शब्द म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ही आमची नाही, खालची आहे, मध गाळायला ठेवलीय. मला विचारलं. मी त्यांचा शब्द म्हणाले. स्पष्ट म्हणाले, गुरुजी. ठसुद्धा छान उमटला. आईनं खरं उत्तर दिलं आणि मी तिला नाकारलं. म्हणून मी जिवंत आहे."

गुरुजींनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मुली, क्षमा कर असं मी तुला सांगणार नाही. मी खालचा. तुझ्या क्षमेनं माझ्याच माणसांना बरी झोप लागणार. मला व्याकरण येतं, तेवढंच सांगतो. काही वाक्यं प्रश्न नसतात. आज्ञा असतात, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलेल्या. त्या वाक्यातलं खरं क्रियापद 'मर' हे होतं. त्याला बरोबर उत्तर नव्हतं, म्हणून चूक उत्तरही नव्हतं. तो माणूस आजवर विचारणाऱ्या बाजूला उभा होता. उत्तर कुठलंही दिलं तरी ते पुरत नाही, हे अंगात मुरल्याशिवाय त्याच्या वाक्यात कर्ता यायचा नाही. आणि तू आईला नाकारलं नाहीस. तिनं एक वाक्य सुरू केलं होतं, ते तू पूर्ण केलंस. दोघींचं मिळून एकच वाक्य होतं ते, आणि त्याचा अर्थ होता 'ही जगावी'."

ती आता खाली बसली. पण ती त्यांचीच शिष्या होती; संशय तिने सोडला नव्हता. "आणि देव? तो त्या लाकडाच्या कुठल्या बाजूला होता?"

"ते मला ठाऊक नाही. व्याकरणात त्याची सोय नाही." ते किंचित हसले, मग गंभीर झाले. "तुझी प्रार्थना त्याच्यापर्यंत पोचते की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. ती तुझ्यापर्यंत तुझ्या आईकडून आली, एवढं मात्र सिद्ध आहे."

त्या सायंकाळी ती ओळ तिने म्हटली. पहिल्या शब्दावर अडखळली, थांबली, पुन्हा म्हणाली. ऐकणारा कुणी आहे की नाही, याचा निर्णय तिने राखून ठेवला. म्हणणे थांबवले नाही.

तिसऱ्या दिवशी माणूस आला. गुरुजींनी काठी टेकवली. माणसाने शिष्येकडे पाहिले आणि त्याचा आवाज बदलला.

"हे मी विचारलं होतं. मधवालीला. काठी मी टेकवली. तिनं सांगितलं, आणि मी मागच्यांना खूण केली. मी केली."

गुरुजींनी काठी उचलली आणि ते बाजूला झाले. आता मध्ये कुणी नव्हते.

"मला विचारलंस," शिष्या म्हणाली. "माझ्याच भाषेची मला बारा वर्षं भीती घातलीस. ते माझं आहे, म्हणून ते मी सोडते. उद्या पुन्हा सोडावं लागेल, परवाही लागेल, पण सोडते."

"आणि तुमच्या आईचं?"

"ते माझं नाही. जिचं आहे तिच्याकडे जायची वाट तूच बंद केलीस."

"अगं, पण..." मावशी म्हणू लागल्या. गुरुजींनी हात वर केला, तशा त्या थांबल्या.

माणसाने मान डोलावली. जायला वळला, तेव्हा तिनेच त्याला थांबवले. "आज मुलांचा वाक्यातल्या कर्त्याचा पाठ आहे. खालच्यांची मुलं आहेत, वाचलेल्या वरच्यांचीही आहेत. आत्ता बोललास ते त्यांच्यासमोर बोल."

तो आत आला. मुलांसमोर उभा राहून सांगू लागला: कोणते गाव, कोणते घर, कोण दारात होते. निम्म्यावर जुनी सवय जिभेवर आली. "मग तिथं जे झालं..."

"केलं," फळ्याजवळून ती म्हणाली. आवाजात क्रोध नव्हता. मुलांची वाक्ये ती ज्या स्वरात सुधारत असे, तोच स्वर होता.

"केलं," तो म्हणाला. "मग तिथं मी जे केलं..." आणि ते वाक्य त्याने शेवटपर्यंत नेले.