कलमाचा जोड

"पण बुवा, मी खोटं कुठे बोलतोय? नुसतं सांगत नाहीये..."

मंदार घवाळी मठाच्या पायरीवर बसला होता. मांडीवर फाइल. बी.एस्सी.ला ब्याऐंशी टक्के, कॉलेजात पहिला, हे त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

दहावीचे त्रेचाळीस मात्र बुवांना खोदून खोदून काढावे लागले.

आत्मारामबुवा आंब्याच्या कलमांना पाणी घालत होते. मठामागे त्यांची रोपवाटिका आहे. गावोगावचे बागवाले तिथून हापूसची कलमं नेतात.

उद्या सकाळी मंदारची औषधांच्या कारखान्यात मुलाखत होती, प्रयोगशाळेतल्या जागेसाठी. आधीच्या तीन कंपन्यांनी दहावीचा आकडा पाहूनच त्याला परत पाठवलं होतं. सगळ्या परीक्षांत साठ टक्के हवेत म्हणे. पोरगा आतून पार खचला होता, ऐट तेवढी शिल्लक होती. म्हणून या वेळी त्यानं दहावीची गुणपत्रिका फाइलमधून काढूनच टाकली होती.

"आणि मागितली तर?" बुवांनी विचारलं.

"पुरात गेली म्हणेन."

"तुमचं घर टेकडीवर आहे रे."

मंदारनं फाइल मिटली.

"मग दाखवू? दाखवली तर हीही नोकरी जाते. नाही दाखवली तर... माझं डोकंच चालत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

बुवांनी एक कलम उचलून त्याच्या हातात दिलं.

"तो खड्डा दिसतोय ना? लाव."

मंदारला काही उमगेना. आपण विचारलं काय आणि हे सांगतायत काय! तरी त्यानं मुळांवरची पिशवी फाडली, कलम खड्ड्यात उभं केलं, माती लोटली. रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या रोपावर जिथे हापूसची काडी बांधतात, तो जोड चांगलाच गाठाळ होता. मंदारला तो बघवेना. त्यानं आणखी दोन ओंजळी माती ओढून जोड झाकला आणि वरून थापटलं.

"बघा. कसं सरळसोट दिसतंय!"

बुवा खाली बसले. बोटांनी माती उकरू लागले... जोड पुन्हा उघडा पडेपर्यंत उकरत राहिले.

"काय चुकलं?"

"जोड पुरलास. कुजेल."

मंदारचं डोकं तापलं. "म्हणजे दहावीचे मार्क दाखवायचे, असंच ना? अहो, त्या तिघांनी बघितलेच की! बघूनच हाकललं मला!"

"हो."

"उद्याचेही हाकलतील?"

"हाकलतील कदाचित."

हे उत्तर म्हणायचं की टाळाटाळ, तेच मंदारला कळेना. तो अगदी रडकुंडीला आला.

"मग दाखवून उपयोग काय, बुवा?"

बुवांनी हाताची माती झटकली, बादली उचलली.

"माझ्याकडे कलम घ्यायला येणारा माणूस आधी जोड शोधतो. तो दिसला नाही, तर विचारतो, हे नुसतं कोयीचं रोप नाही, हापूस आहे, कशावरून?"