अंगठ्याचा खळगा

“बाळासाठीच सोडल्या ना मी गोळ्या? मग माझं चुकलं कुठे, माई?”

मठाच्या ओट्यावर बसून माई मेथी निवडत होत्या. मठात येण्याआधी तीस वर्षं त्यांनी सुईणपण केलेलं. आमच्याकडच्या बायका अजूनही देवाच्या आधी त्यांना विचारतात.

मला सातवा महिना. किडन्या लग्नाआधीपासूनच अधू. आणि दहावीच्या वर्गाला मूत्रपिंडाची आकृती शिकवते कोण, तर मीच. खडूने, भागांना नावं देऊन.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“प्रेशरच्या गोळ्या बदलून दिल्या. या बाळाला चालतात म्हणाले.”

“मग?”

“चालतात म्हणाले, माई. काहीच होणार नाही, असं कुठे म्हणाले?”

“मास्तरीणबाई, डॉक्टरांचाही पेपर तपासलास की काय?”

मला हसू आलं. टिकलं नाही.

“चार दिवस झाले सोडून. याआधी दोनदा राहिलं आणि गेलं, माई. शेजारणीचं बाळ रडलं तरी माझे हात उगीच पुढे होतात… याच्यासाठी मी काहीही सोडीन. जीवसुद्धा.”

माईंनी भाजी बाजूला सारली. उठल्या. माझ्यापुढे येऊन खाली बसल्या आणि माझ्या पायाला हात लावला.

“अहो माई, हे काय! पाप लागेल मला!”

सगळं गाव ज्यांच्या पाया पडतं, त्या माझ्या पायाशी. मी पाय ओढून घेऊ लागले. त्यांनी सोडला नाही.

नडगीच्या हाडावर त्यांनी अंगठा दाबून धरला. मग सावकाश उचलला.

खळगा पडला होता.

आम्ही दोघी बघत राहिलो. तो भरून येईना…

“अंगावर सूज चढलीय. डोकं दुखतंय?”

“कालपासून.” हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“रिक्षा आहे ना बाहेर? सरळ दवाखान्यात जायचं. घरी वळायचं नाही. गोळ्या सोडल्यात, तेही सांगायचं.”

“ओरडतील.”

“ओरडू देत.”

मी उठले. ओट्याच्या पायरीशी मात्र थांबले.

“माई, आशीर्वाद तरी द्या. अजून दोन महिने वाट बघायचीय त्याची. मला धीर निघत नाही हो…”

माई अजून खालीच बसल्या होत्या.

“पोरी, तो कधीचा पोटात येऊन बसलाय… तुझी वाट बघत.”