गुणगुणणारी टोपली

पहाटेच्या धुक्यात गड असा तरंगत होता, जणू कुणाला पडलेलं स्वप्नच. दरवाजावर मात्र कोतवालाचा नवा हुकूम जागा होता: पहारेकऱ्यांच्या जिवाला धोका नको, म्हणून येणाऱ्याचे आधी हात बांधायचे, मगच झडती घ्यायची.

ठकूबाई मधमाश्यांची टोपली घेऊन गडावरच्या फुललेल्या कारवीकडे निघाली होती. ऊन चढलं तर माश्या गुदमरल्या असत्या. तरी पहारेकऱ्यांनी तिचे हात आवळलेच.

“काय दडवलंयस गं?” म्हणत कोतवालानं स्वतःच झाकण उचकटलं. माश्यांचा ढग गुणगुणत उठला आणि त्याच्या पागोट्यावर बसला. कोतवाल थिजला.

“बाई, आवर यांना!”

“माझे हात ओळखतात त्या, सरकार. पण हुकूम तुमच्या जिवासाठीच आहे ना? मग सांगा, हे हात बांधलेले बरे, की मोकळे?”

कोतवालानं मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनीच हुकूम मागे घेतला.