लोण्याच्या कोटावरचा रोवजी

त्या राज्यात जमीन नव्हती. होती ती एक तांबडी नदी आणि तिच्यातून वाहत जाणारी गोल गोल गावं. प्रत्येक गावाला लोण्याचा कोट होता, आणि कोटात गुडघ्यापर्यंत रोवलेले राखणदार उभे असत. त्यांच्या पायांना पाण्याचं वावडं होतं, म्हणून ते पाय लोणी सोडून कुठे जात नसत.

अशाच एका गावाचा राखणदार रोवजी. त्याच्या पंजांची घडण अशी, की साऱ्या राज्यात एकाच परक्याला ते पकडू शकत. तो आला की गावाला सावध करायचं, एवढंच त्याचं काम. पण तो येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बिचारा हात पसरून वाट पाही, आणि वाहतं पाणी पाहून त्याला आपल्या रुतलेल्या पायांची चीड येई.

त्याच्या दोन बाजूंना येसू आणि गोदा या बहिणी खेटून उभ्या असत. त्यांचे हात आखूड, पण पाय लांब, कोटातून थेट गावात उतरलेले. रोवजीला त्यांची अडचण वाटे. पकडायचं आपण आणि या नुसती गर्दी करतात, अशी त्याची कुरकुर चाले. एकदा त्याने त्यांना लांब उभं राहायला सांगितलं. बहिणी मऊ लोण्यातून सरकत दूर गेल्या.

नेमका तेव्हाच तो काटेरी परका आला. रोवजीने त्याला घट्ट धरलं आणि घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. आत हूं की चूं नाही. पाय आपटून गाव जागं करायला गेला, तर त्याच्या पायांची बोटं लोण्यातच संपत होती. ज्या गावासाठी जन्मभर उभा राहिला, तिथवर तो पोचतच नव्हता. त्याला रडू फुटलं.

"या गं दोघी," तो म्हणाला. "चुकलो मी."

"ते राहू दे," गोदा म्हणाली. "तू हात सोडू नकोस."

दोघी सरकत आल्या, त्याला खेटल्या आणि गावात पाय आपटू लागल्या. गाव जागं झालं. रोवजीच्या हातांच्या नमुन्याबरहुकूम तिथे नवे शिपाई घडू लागले आणि झुंडीने बाहेर पडले. कोटात कोणी थांबलं नाही. सगळे सरळ नदीत शिरले, तिथे पसरलेल्या परक्याच्या भाऊबंदांमागे.

त्यांतला एक रोवजीला घासून गेला. हात हुबेहूब त्याचेच होते. गुडघ्याखाली मात्र काहीच नव्हतं, ना पाण्याचं वावडं असलेले पाय, ना गावाशी जोडून ठेवणारं लोणी.

रोवजीने आपले पाय लोण्यात आणखी खोल रोवले, आणि दोन्ही कोपरं उचलून बहिणींना जागा करून दिली.