फेकणाऱ्याकडं परत

"रजा? आणि तू गेलीस तर मी फेकलेलं उचलून कोण देणार?" शार्दूलराजे कडाडले आणि त्यांनी हातातला अडकित्ता भिरकावून दिला.

गवराबाईनं तो मुकाट्यानं उचलून आणला. वाड्यावर तिचं कामच ते. राजे मनानं वाईट नव्हते हो, पण राग नाकाच्या शेंड्यावर! रागावले की हातात असेल ते फेकायचे, आणि फेकलेलं परत हातात येईपर्यंत धुमसत राहायचे. पिकदाणी, तक्क्या, एकदा तर पुरणपोळीसकट ताट. धावून धावून बाईचे गुडघे कामातून गेले. पण आज तिला गुडघ्यांचं काही नव्हतं. हद्दीपलीकडं पिंपळदरीला तिच्या एकुलत्या लेकीचे दिवस भरत आले होते, आणि पोरीला आईशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"पहिलटकरीण आहे, महाराज. माझा जीव टांगणीला लागलाय."

"मग असं कर," राजे मिशीत हसले. "फेकल्यावर आपणहून परत येईल अशी वस्तू आणून दे. दोरी बांधायची नाही, भिंतीवर आपटायची नाही, माणूस-कुत्रं मध्ये घालायचं नाही. आणलीस की लगेच सूट. नाहीतर राहा इथंच."

दिवाणजी फिदीफिदी हसले. गवराबाई मात्र विचारात पडली. इतकी वर्षं फेकलेलं वेचून तिला एक ठाऊक झालं होतं. पिकदाणी सरळ जाते, पण चपटं लाकडी उलथनं गरगरत जातं आणि अर्ध्या वाटेत वळतं. अर्धं वळतं, तर पुरतं का वळू नये?

ती थेट पंतोजींच्या शाळेत गेली. "पोरांनो, लाकूड तासायला कोण येतंय?" अख्खी शाळा उठली. पाढ्यांना पंतोजीही कंटाळले होते, तेही उठले. खोक्याच्या फळीतून दोन पातळ पट्ट्या काढल्या, फुलीसारख्या एकमेकींवर ठेवून मधोमध सुतळीनं आवळल्या. पहिली फुली विहिरीत गेली. दुसरी कौलांवर. तिसरी पंतोजींच्या शेंडीला चाटून गेली. शेवटी गवराबाईनं पट्ट्यांची एक बाजू सपाटच ठेवली, दुसऱ्या बाजूच्या कडा काचेनं खरवडून गोलसर केल्या आणि फुली उभी धरून मनगटाला झटका दिला. फुली भिरभिरत चिंचेला वळसा घालून आली ती तिच्या पदरात! पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. आज आपण तिला बूमरँग म्हणतो. गवराबाईला नाव द्यायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी दरबार उघड्या चौकात भरला होता. गवराबाईनं फुली राजांच्या हातात दिली. "उभी धरायची महाराज, आणि परत येताना जरा लक्ष..."

"फेकायचं मला शिकवतेस?"

तेवढ्यात दिवाणजी पुढं आले. "महाराज, माकडांनी राजबागेत एक आंबा ठेवला नाही."

राजांनी दिवाणजींवरच फुली भिरकावली. दिवाणजी सवयीनं खाली वाकले. राजे त्यांच्याकडं डोळे वटारून बघत राहिले, आणि फुली मागून चक्कर मारून आली ती टक्कन राजांच्या कपाळावर! लिंबाएवढं टेंगूळ आलं. ते चोळत राजे गरजले,

"राजाला मारणाऱ्याला शिक्षा काय, दिवाणजी?"

"तोंडाला काळं फासून, गाढवावर बसवून हद्दपार करायचं, महाराज."

गवराबाईच्या डोळ्यांपुढं पिंपळदरी आली. काळ्या तोंडानं लेकीच्या दारात कसं उभं राहायचं? पण तिनं हात जोडले.

"महाराज, वस्तू फेकणाऱ्याकडं परत आली पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात. ती आली. आता मारली कुणी विचाराल, तर फेकली तुम्ही. मी इथं हात बांधून उभी. तेव्हा गाढवावर तुम्हालाच बसावं लागेल. बसा, दोर मी धरते. पिंपळदरी वाटेवरच आहे. मी लेकीकडं थांबेन, तुम्ही पुढं जा."

मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते टेंगूळ धरून असे हसत सुटले की लोडावरून घसरलेच.

"गाढव राहू द्या," ते डोळे पुसत म्हणाले. "माझा छकडा जुंपा. बाईला लुगडं, लेकीला खणचोळी, बाळाला सोन्याचे वाळे. आणि दिवाणजी, बघताय काय? बाईंचं बोचकं उचला!"