हजारातल्या चारजणी

“पण त्या चारजणी कोण, तेवढं सांगा की!”

हिंदुराव शेळके उभ्यानंच विचारत होते. बसा म्हणून दोनदा सांगून झालं होतं. मठाच्या अंगणात तुळशीपासून पायरीपर्यंत आणि पायरीपासून परत तुळशीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. दर फेरीला ते घड्याळ बघत होते.

सोमगिरी बुवा पायरीवर उन्हात बसून गुडघ्याला तेल चोळत होते. वय ऐंशीच्या पुढं.

“कुठल्या चारजणी?” बुवांनी विचारलं.

“तेच तर! डॉक्टरीणबाईंनाच सांगता येईना.”

हिंदुराव कोल्हापूरचे. दोन फौंड्र्या, तीनशे कामगार, आणि आपण विचारलं की समोरच्यानं लगेच उत्तर द्यायचं ही सवय. वर्षापूर्वी त्यांची बायको गेली. गालाचा कॅन्सर. अंजनाबाई चाळीस वर्षं मिश्री लावायच्या. तव्यावर काळा होईतो भाजलेला तंबाखू, कुटून डबीत भरलेला, दिवसातून चारदा बोटानं हिरड्यांवर.

तिच्या नावानं इस्पितळात वीस खाटांचा वॉर्ड बांधायचा, दारात तिचा अर्धपुतळा बसवायचा, असं ठरलं होतं. उद्या सकाळी पायाभरणी. मांडव घालून तयार होता, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती.

आणि परवा डॉ. कुरणे नावाच्या बाई ऑफिसात येऊन बसल्या. त्यांना तोच पैसा हवा होता, पण इमारतीसाठी नको होता. सत्तर गावं, पंधरा वर्षं. बायकांची मिश्री नक्की कशानं सुटते, तोंडं वेळेवर तपासली तर किती आजार टळतो, हे घरोघर जाऊन शोधून काढायचं होतं. एक खाट नाही, एक वीट नाही.

“मी सरळ विचारलं, यातून निघणार काय?” हिंदुराव म्हणाले. “म्हणाल्या, सगळं नीट झालं तर हजार बायकांमागं चारजणींना हा रोग होणारच नाही. म्हटलं, कोण चारजणी? नावं द्या. तर म्हणाल्या, नावं कधीच कळायची नाहीत. तुम्हाला नाही, मला नाही, त्या चौघींना स्वतःलासुद्धा नाही!”

“बाई खोटं बोलणारी दिसत न्हाई.”

“अहो, पण पैसा माझा आहे बुवा.”

“मग हाकलून का न्हाई दिलंस तिला?”

हिंदुराव चालता चालता थांबले.

“चहा पाजला,” ते म्हणाले. “आणि दोन दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही.”

बुवा दुसऱ्या गुडघ्याकडं वळले.

“वॉर्ड बांधावा, एवढं तुम्ही म्हणा,” हिंदुराव म्हणाले. “तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की सुटलो. रोगी येतील, बरे होतील, दारात तिचं तोंड बघतील. कुणीतरी हात जोडील. तिला कुणी कधी हात जोडले नाहीत बुवा... मीसुद्धा नाही.”

“बांध की मग.”

“असं नको. मनापासून म्हणा.”

बुवांनी वाटीत पुन्हा बोटं बुडवली.

हिंदुराव पुन्हा तुळशीपर्यंत जाऊन आले. आले ते आवाज उतरवून.

“तंबाखू मीच आणून द्यायचो. निपाणीला कामाला गेलो की दोन पुडे. चांगला बघून, वास घेऊन घ्यायचो. तिला बरं वाटायचं. सोन्याचं घड्याळ दिलं तेव्हा खुलली नव्हती, एवढी त्या पुड्याला खुलायची.” ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. “मला काय माहीत होतं? कुणी सांगितलं होतं मला?”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कोनशिला कोरणारा पाथरवट होता. नावाआधी ‘कै. सौ.’ घालायचं की नुसतं ‘कै.’, हे त्याला आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं.

“दोन्ही घाल!” हिंदुराव ओरडले. “अक्षरं मोठी काढ. रस्त्यावरून दिसली पाहिजेत.”

फोन खिशात गेला. हिंदुरावांच्या अंगात आता जरा जोर आला होता. ते बुवांच्या पुढ्यात येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“बोललो ते बोललो. एक माणूस दाखवा मला. रोग झालाच नाही म्हणून वाचलेला एक, फक्त एक, माझ्यासमोर उभा करा. मांडव काढून टाकतो आणि सगळा पैसा त्या बाईंना देतो. शब्द आहे शेळक्यांचा.”

“जवळ ये.”

हिंदुराव वाकले. बुवांनी त्यांचा डावा हात धरला आणि कडक इस्त्रीच्या शर्टाची बाही तेलकट बोटांनी दंडापर्यंत वर सारली. बाहीची वाट लागली. दंडावर पावलीएवढा एक गोल, खरबरीत व्रण होता. बुवांनी त्यावर अंगठा टेकला.

“हे काय?”

“हे? देवी काढल्या होत्या. शाळेत. देवीची लस.”

“कुणी?”

“असंल कोण तरी सरकारी माणूस. मी खिडकीतून पळालो होतो, मास्तरांनी ओढ्यापासनं धरून आणलं. लई शिव्या घातल्या होत्या मी त्या माणसाला.”

“नाव काय त्याचं?”

“त्याचं नाव कोण विचारतंय बुवा?”

बुवांनी हात सोडला.

हिंदुराव आपल्या दंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी बाही घाईघाईनं खाली ओढली.

“ही लबाडी झाली,” ते म्हणाले.

“झाली थोडी.”

“आणि तुम्हाला बरं ठाऊक, कुठं बघायचं ते!”

“तेच काम केलं मी. बारा वर्षं. भुदरगड, आजरा, चंदगड. खांद्याला पेटी आणि पायात फाटकी चप्पल. ही कफनी नंतरची.”

“म्हणजे हे... तुम्हीच?”

“असंल. नसंल. शिव्या सगळ्याच पोरांनी घातल्या.”

हिंदुरावांनी बुवांकडं नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

“किती जणांना टोचलं असंल?”

“लाखाच्या वर.”

“लाख! आणि त्यातलं एकसुद्धा नाव तुम्हाला ठाऊक नाही?”

बुवांचा गुडघ्यावरचा हात थांबला.

“एक हाय,” ते म्हणाले. “ठकू कोकरे.”

हिंदुरावांचा चेहरा एकदम उजळला.

“बघा! आहे ना एक! मी तेच म्हणत होतो, एक तरी पाहिजे. कुठं असते ती? नातवंडं असतील आता. उद्या गाडी पाठवतो. स्टेजवर बसवू तिला, शालजोडी देऊ. मग पैसा वॉर्डाला जाऊ दे, नाहीतर सत्तर गावांना जाऊ दे, मला समाधान...”

“धनगरवाड्यावरची,” बुवा म्हणाले. ते हिंदुरावांकडं बघत नव्हते. “दीड तासाची चढण होती. माझा पाय सोललेला. आणि ऐकलं, की वाड्यावरची सगळी माणसं लग्नाला खाली गावात आल्यात. मी पेटी घेऊन मांडवातच बसलो. नवरा-नवरीसकट सगळ्यांना टोचलं. चढण वाचली, हुशारी केली म्हणून माझ्यावर मीच खूष झालो.”

“बरोबरच केलंत की.”

“विचारलं मी, अजून कोण राहिलंय का? न्हाई म्हणाले. मी लिहिलं, वाडा पुरा झाला. दोन ताटं जेवलो.”

बुवांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

“मी गुराख्याचा पोर, हिंदुराव. धा वर्षं म्हशीमागं हिंडलो. आणि अख्खा वाडा लग्नाला आलाय, तर वर म्हशी कुणाकडं हायत, एवढं विचारायचं मला सुचलं न्हाई.”

हिंदुरावांनी घड्याळ बघायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

“म्हशीमागं ठकू होती, सात वर्षांची. दीड महिन्यानं गेलो, तेव्हा चढलो ती चढण. आईनं तिला लिंबाच्या पाल्यावर निजवलेली. देवीच्या फोडांनी अंगावर बोट ठेवायला जागा न्हाई. तिनं मला पाणी मागितलं... मी बाहेर येऊन बापाला तिचं नाव विचारलं. रजिस्टरात लिहायचं होतं.”

खाली रस्त्यावर हिंदुरावांच्या ड्रायव्हरनं गाडी फिरवून तोंड कोल्हापूरकडं करून ठेवली होती.

हिंदुराव पायरीवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि बाहीचं तेल गालाला लागलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“साठ वर्षं होत आली असतील,” शेवटी ते म्हणाले. “लाखभर नावं पुसली गेली, आणि हिचं तेवढं नाव तुमच्याकडं राहिलं. कसं राहिलं बुवा?”

“ती वाचली असती,” बुवा म्हणाले, “तर मला तिचं नाव कशाला ठाऊक झालं असतं?”