बेचाळीस दाढा

"एकही खुंट तडकला नाही?"

"एकही नाही, बाई. बेचाळीसपैकी एकही नाही."

"पाच वर्षांत?"

"पाच वर्षांत."

आराध्येबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या तरुण डॉक्टरकडे निरखून पाहिलं.

मी लॅबच्या दारात उभा होतो, दोन्ही हात प्लास्टरने माखलेले. सोलापूरच्या आमच्या दंत महाविद्यालयात तीस वर्षं मी रुग्णांच्या दातांचे साचे ओततोय. कुणाच्या तोंडात काय चाललंय ते मला घरच्यांच्या आधी कळतं, असा माझा आपला समज होता. तो त्या दुपारी खोटा ठरला.

डॉक्टर सुयोग हंचाटे त्या दिवशी जिना चढून आला नव्हता, उड्या मारत आला होता. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात शोधनिबंध. पोरगं हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

दाढ गेली की त्या जागी जबड्याच्या हाडात एक खुंट बसवतात आणि त्यावर नवी दाढ चढवतात. जुने लोक हा खुंट टायटॅनियमचा वापरतात. सुयोगचा झिरकोनियाचा, म्हणजे पांढराशुभ्र, चिनी मातीच्या जातीतला, पण तिच्याहून कितीतरी टणक. हिरडीतून धातूची काळी कड दिसत नाही, हाडही त्याला छान धरतं. भीती एकच. चावताना जोर पडला आणि मधेच तडकला तर?

नाही तडकत, असं त्याने बेचाळीस माणसांवर सिद्ध केलं होतं. निबंध संध्याकाळी पाचच्या आत हैदराबादच्या परिषदेला जायचा होता आणि त्यावर मार्गदर्शक म्हणून बाईंची सही हवी होती. सही झाली की पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हाच खुंट बसवायचा, असं वरच्या लोकांनी कबूल केलं होतं. सुयोग दारापासून खुर्चीपर्यंत हे सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. क्ष-किरणाच्या फिल्मही त्याने टेबलावर पसरल्या. हाड कसं खुंटाला घट्ट बिलगलंय, बघत राहावं असं.

"कागद नंतर. म्हमाणे, साचे आणा."

म्हमाणे म्हणजे मी. बाईंची ही जुनी खोड. कुणी कितीही जाडजूड निबंध आणो, त्या आधी साचे हातात घेतात आणि दाढांवरून अंगठा फिरवतात. सुयोगच्या प्रत्येक रुग्णाचे साचे मी दरवर्षी ओतले होते, नंबर घालून फळीवर लावले होते. मल्लिनाथ बिराजदार हे रुग्ण क्रमांक एक. त्यांचे पहिल्या वर्षीचे आणि यंदाचे, सकाळीच ओतलेले, असे दोन्ही मी टेबलावर ठेवले.

बाईंनी खालच्या जबड्यातल्या उजव्या दाढेवरून अंगठा फिरवला. ही सुयोगने बसवलेली. मग त्याला डोळे मिटायला सांगितले.

"यातली यंदाची कुठली?"

सुयोगने दोन्ही चाचपल्या. पुन्हा चाचपल्या. त्याला सांगता येईना, आणि त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"सारख्याच आहेत. बाई, झीजच नाही. हे तर मी लिहिलंच नव्हतं."

आणि गडी खिशातून पेन काढून तिथल्या तिथे समासात लिहायला लागला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पेढ्याला हात घालणार होतो.

बाईंनी वरच्या जबड्याचा साचा उलटा करून त्याच्यासमोर धरला.

"आणि ही? हिच्यासमोरची. ही तर बिराजदारांची स्वतःची आहे."

त्याने अंगठा फिरवला. वरची उजवी दाढही पहिल्या वर्षी होती तशीच होती, सगळे उंचवटे टोकदार. मग बाईंनी त्याचा अंगठा डाव्या बाजूच्या दाढांवर नेला. तिथे उंचवटे झिजून सपाट झाले होते.

सुयोगचं पेन थांबलं...

त्याने दुसऱ्या क्रमांकाचे साचे मागितले. मग सातव्याचे. मग अकराव्याचे, पण त्या रुग्णाची दाढ डावीकडे बसवलेली, तर तिथे डावी बाजू कोरी आणि उजवी झिजलेली. मी फळीवरून साचे आणत होतो आणि माझे कान तापत होते. बेचाळीस माणसांचे पाच वर्षांचे साचे या हातांनी ओतले होते. माझ्या लक्षात यायला नको होतं?

"योगायोग असेल," सुयोग म्हणाला. त्याचा त्यालाच ते पटलं नाही.

बाई उठल्या आणि बाहेरच्या बाकावरून बिराजदारांना आत बोलावलं. सकाळी साचा दिल्यावर ते फिल्म पाहायला थांबले होते. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, आवाज अजून पूर्ण गाडीला पुरेल असा. बाईंनी ख्यालीखुशाली विचारली, आपला डबा उघडला आणि त्यांच्यापुढे कडक भाकरी धरली. बाजरीची, पापडासारखी पातळ, वरून तीळ लावलेली. सोलापूरचा माणूस तिला नाही म्हणत नाही.

बिराजदारांनी बोटभर तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डाव्या गालात सरकवला.

"उजवीकडे चावा की, मामा," बाई म्हणाल्या.

"छे छे. डॉक्टरसाहेबांनी जपायला सांगितलंय. पाच वर्षं जपलीय मी ती."

आणि मग मोठ्या अभिमानाने सांगू लागले. दाढ बसवली त्या दिवशी साहेबांनी छापील कागद दिला होता, त्या बाजूने कडक काही खायचं नाही म्हणून. तो कागद घरी देवाच्या फोटोशेजारी लावलाय. शिवाय दर खेपेला तपासून झालं की साहेब स्वतः पाठीवर हात ठेवून सांगायचे, जपा हं मामा. इतका जीव लावणारा डॉक्टर कुठे मिळतो? म्हणून उजव्या बाजूने त्यांनी आजवर भातसुद्धा खाल्ला नव्हता.

तो कागद पहिल्या तीन महिन्यांपुरता होता, हाड धरेपर्यंतचा. तीन महिन्यांनी "आता खा" असं सांगायचं असतं. सुयोगने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. खुंटावर एवढा जीव होता त्याचा की बेचाळीस जणांना तो दरवर्षी जपा म्हणत राहिला, आणि बेचाळीस जणांनी ते मनापासून ऐकलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. बाईंनी सहीचं पेन निबंधाशेजारी ठेवलं, टोपण न काढता. पोराकडे बघवत नव्हतं मला.

सुयोग उठला. बिराजदारांच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. चूक माझी झाली मामा, म्हणाला, तुम्हाला पाच वर्षांपूर्वीच खा म्हणायला हवं होतं. मग त्यांना सगळं खरं सांगितलं, खुंट टिकेल असं त्याला वाटतं पण चावून कुणी पाहिलेलं नाही, तडकलाच तर तो स्वतः काढून दुसरा बसवून देईल, आणि नको वाटत असेल तर नको.

बिराजदारांनी भाकरीकडे पाहिलं. "उजवीकडे?"

"उजवीकडे."

"तुटला तर?" हे बाईंनी विचारलं, सुयोगला.

"तुटला तर तुटला, बाई... कळेल तरी."

त्याचे डोळे असे चमकत होते की जिना चढतानाही तसे नव्हते. बिराजदारांनी तुकडा मोडला. उजव्या गालात ठेवला. डोळे मिटले.

कडाक्.

माझ्या हातातला साचा खाली पडून फुटला. कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाई, साठीच्या आमच्या बाई, टेबलावरून अर्ध्या वाकल्या होत्या. बिराजदार हळूहळू चावत होते. थांबले. जीभ फिरवून चाचपून पाहिलं. पुन्हा चावले, आता जोरात, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय?" सुयोगने घाबरून विचारलं.

बिराजदारांनी नाही म्हणून मान हलवली आणि हात पुढे केला. अजून एक तुकडा हवा होता त्यांना.

सुयोगने बॅटरी धरून दाढ पाहिली, खुंट हलवून पाहिला, फिल्म काढून आणली. सगळं जिथल्या तिथे होतं. मग तो खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. हसता हसताच त्याने निबंधाच्या पहिल्या पानावरचा बेचाळीसचा आकडा खोडला आणि तिथे एक लिहिला. पाच वाजायची त्याला आठवणही राहिली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "आता?"

बाईंनी डबा त्याच्यापुढे केला. आत भाकरीचा चुरा तेवढा उरला होता.

"जाताना भाकऱ्या सांगून जा. एक्केचाळीस."